पहिली मुलगी, मयत

मसुदा पहिला

शेषराव (मयत)
|
पत्नी : पुष्पाबाई
|
१) गोपाल  २) सुचिता

"पोटचे किती, वहिनी?" भगवंतरावांनी विचारलं तेव्हा रेघ ओढून झालीही होती आणि दोन्ही नावं लिहूनही झाली होती. प्रश्न नुसता रीत म्हणून होता. तीस वर्षं लोकांचे जमिनीचे कागद लिहिलेला माणूस. मेलेल्याची वंशावळ काढताना त्याच्या बायकोला एकदा तोंडानं विचारावं लागतं, एवढं त्यांच्या हाताला पाठ होतं.

पुष्पाबाईंनी पदर सारखा केला.

बाईला पोटची लेकरं मोजायला वेळ लागत नाही. लागलाच, तर शेजारी बसलेल्याला तो ऐकू येतो.

"दोनच की," गोपाल म्हणाला. "काका, तुमाले काय माहीत नाही?"

"मले माहीत हाये रे बाबू. कागदाले माहीत नाही. कागदाले मायच्या तोंडून लागते."

शेषरावांची तेरवी कालच झाली होती. मांडवाचे बांबू अंगणात आडवे पडले होते, आणि घरात मयत झाली म्हणून झोडपायची राहिलेली तूर ताडपत्रीखाली तशीच होती. पाहुणे पांगले होते. उरले होते ते घरचेच : बीबी गावाला दिलेली लेक सुचिता, आणि वरवट बकालहून आलेल्या दोघी, शेषरावांची थोरली बहीण सिंधूताई आणि तिची लेक जयमाला. गोपालला घाई होती. सौर पंपाच्या यादीत तीन वर्षांनी त्याचा नंबर लागला होता आणि शेत अजून बापाच्या नावावर होतं. बापाचं नाव उतरून वारसांची चढली, तर पंप. त्यासाठी आधी ही वंशावळ, आणि तिच्याखाली आईची सही.

"अजून एक हाये," म्हणत भगवंतरावांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "ग्रामपंचायतीतून जुना उतारा आनला. वारसात मेलेली लेकरंबी दाखवा लागतात. नाही दाखवली तं उद्या कोनीबी हरकत घेते. वाच व सुचिता, मले बारीक दिसत नाही."

सुचिता अंगणवाडीत शिकवायची. तिनं पोरांना गोष्ट वाचून दाखवावी तसा स्पष्ट वाचला. "'मृत्यूची नोंद. तारीख नऊ मार्च एकोणीसशे ऐंशी. मयताचे नाव...' नाव नाही, नुसती रेघ हाये. 'मुलगी. वय सात महिने. बापाचे नाव शेषराव. मृत्यू परगावी. खबर देणार, बाप.'" ती थांबली. "आई? आमच्या आंधी एक पोरगी होती?"

स्वयंपाकघराच्या दारात जयमाला चहा घेऊन उभी होती. तिच्या हातातल्या ताटातले पाच कप हलले नाहीत. हे फक्त पुष्पाबाईंनी पाहिलं.

*

इथं पुष्पाबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर भगवंतरावांना असं काहीतरी लिहून घ्यावं लागलं असतं :

लिहून देणार पुष्पाबाई, वय चौसष्ट, लिहून देते की, लग्न सोळाव्या वर्षी झाले. पहिली मुलगी अठराव्या वर्षी, श्रावणात. मुलगी पाच महिन्यांची असताना लिहून देणारीस कावीळ झाली. अंगावरचे पाजू नको, असे डॉक्टर म्हणाला की सासू म्हणाली, हे आता सांगता येत नाही. नणंद सिंधूताई त्या वेळी नवऱ्यासोबत खामगावात राहत होती. नवरा उकंडराव कापसाच्या जिनिंगात कामाला. लग्नाला दहा वर्षे होऊन तिचा पाळणा हलला नव्हता आणि वरवट बकालच्या घरात दुसरी बायको आणायचे बोलणे चालू होते. "तू बरी होतवर दोन महिने ताईजवळ राहू दे पोरीले," असे यजमान म्हणाले. लिहून देणारीने टोपडे आणि काजळाची डबी बांधून दिली. दोन महिन्यांनी यजमान आणायला गेले ते हात हलवत आले. अंगणात उभे राहून म्हणाले, पोरगी गेली. लिहून देणारीने हंबरडा फोडला. बाया जमल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणी नाही असे पाहून यजमान म्हणाले, नको रडू, जिती हाये ते. ताईची झाली. गावाले मेली म्हून सांगतलं, आता तुई तसंच सांग. त्यानंतर लिहून देणारी महिनाभर रडली. रडू खोटे नव्हते, म्हणून गावात कोणास संशय आला नाही.

करिता हे लिहून दिले असे.

*

पण हे तोंडी झालेलं होतं. तोंडचं वारं. शेषरावांनी ग्रामपंचायतीत जाऊन ते लिहूनही ठेवलं होतं, हे पुष्पाबाईंना आज, नवऱ्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, सुचिताच्या तोंडून कळत होतं. नाव नाही. नुसती रेघ. पाच महिने ज्या नावानं हाका मारल्या, ते सांगायलाही त्या माणसाची जीभ वळली नव्हती, की मुद्दामच सांगितलं नव्हतं?

"काय मंग, वहिनी? 'पहिली मुलगी, मयत' असं लिवतो. तुमी नुसतं हो म्हना."

हो म्हणणं सोपं होतं, आणि शहाणपणाचंही. दोन वर्षांपूर्वी उकंडराव गेले तेव्हापासून त्यांचे पुतणे कोर्टात गेलेले होते. जयमाला काकांची मुलगीच नाही, कुठून तरी आणलेली आहे, दत्तकाचा कागद नाही, तेव्हा वरवट बकालचं घर आणि शेत आमचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणत होते, पण हाती पुरावा नव्हता. जयमालाचा नवरा घरजावई. त्यांचा सगळा संसार त्याच घरात. जयमाला शेषरावांची मुलगी आहे, एवढं सांगणारा एक कागद कुठून मिळाला असता तर पुतण्यांचं काम झालं असतं.

म्हणजे आईनं "ही माझी" म्हटलं की लेक बेघर. "मेली" म्हटलं की लेक सुखरूप.

मसुदा दुसरा

शेषराव (मयत)
|
पत्नी : पुष्पाबाई
|
१) मुलगी (    )  २) गोपाल  ३) सुचिता

कंस मोकळा ठेवून भगवंतराव उठले. त्यांच्या तोंडात मघापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि खिशातला फोनही वाजायला लागला होता. खर्रा आणि फोन एकदम आले की माणूस घरात बसू शकत नाही. गाल फुगवून त्यांनी हातानंच 'आलो' म्हटलं आणि फाटकाबाहेर गेले.

"हो म्हन, पुष्पे," बाजेवरून सिंधूताई हलकेच म्हणाली. सत्तरी उलटलेली बाई, पण भावजयीला हुकूम करायचा आवाज तोच. "एक शबूद तं हाये."

"कोन होती ते?" सुचिताचा आवाज चढला. "अडतीस वर्षाची झाली मी, अन् मले एक बहीण होती हे मले पंचायतीच्या कागदावरून समजते? गोपाल, तुले माहीत होतं?"

गोपाल अंगणातल्या बांबूंकडे पाहत राहिला. "बाबानं सांगतलं. दवाखान्यात होते तवा."

"काय सांगतलं?"

"गोपाल!" सिंधूताई बाजेवरून अर्धी उठली.

जयमालानं चहाचं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मग अगदी साध्या आवाजात, गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं, तिनं विचारलं, "कोनत्या तारखेले मेली म्हने मी?"

"नऊ मार्च," सुचिता कागदात पाहून म्हणाली. सवयीनं. विचारलं की सांगायचं. मग तिनं मान वर केली, जयमालाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कागद तिच्या मांडीवर पडला.

"नऊ मार्च," जयमाला म्हणाली. "माह्या शाळेच्या दाखल्यावर जन्म बारा मार्च हाये. म्हंजे तीन दिवस मी कोठीच नव्हती."

तिनं एकेकाच्या पुढ्यात कप ठेवले. सिंधूताईच्या कपात साखर नसते, तो वेगळा दिला.

"तुले कोनं सांगतलं?" सिंधूताईचा आवाज पार खाली गेला होता.

"आमच्या बाबानं, वरवटले. जायच्या चार दिवस आंधी. म्हने, मी सांगतलं असं तुह्या मायले कळू देऊ नको, मरून जाईन ते." जयमाला तिच्या पायाशी टेकली. "दोन वर्षं नाही सांगतलं, माय. चहा घे. थंडा होते."

सिंधूताईनं कप घेतला आणि तो तसाच धरून ती रडायला लागली. आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहान पोरासारखी.

पुष्पाबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांना रडू येत नव्हतं. दोन वर्षं. म्हणजे दोन दिवाळ्या, एक आखाजी, शेषरावांच्या दुखण्यातल्या चार खेपा. एवढ्या वेळा ही पोरगी या घरात येऊन "मामी, भाकरी टाकू काय?" म्हणाली होती, आणि तिला ठाऊक होतं.

"बस झालं मंग," सुचिता उठून उभी राहिली. "आई, भगवंतकाका आले की खरं सांग. बाबा गेले. आता कोनाचं भेव हाये तुले?"

"सुचे, तुले काही समजते काय?" गोपाल उसळला. "हा कागद उद्या वरवटले गेला तं जयाताईचं घर जाते. ते पुतणे टपूनच बसले हायेत."

"अन् तुह्या शेताचा एक वाटा वाचते, ते नाही सांगत!"

गोपालचा चेहरा उतरला. तो काही लोभी माणूस नव्हता; पण एवढं ऐकून घेण्याइतका थोरही नव्हता. "घे ना मंग," तो जयमालाकडे वळला. "तू म्हन जयाताई, आत्ता तीन नावं लिवून देतो. मी नाही म्हनलं तं थुक माह्या तोंडावर."

"मले नको तुहं शेत, गोपाल. माहं घर राहू दे," जयमाला म्हणाली.

हे सुचितानं ऐकलं आणि ती हळूहळू खाली बसली. आईकडे न पाहता पुटपुटली, "मंग म्हन बाप्पा मयत. कागदच तं हाये."

असं झालं. पाच मिनिटांपूर्वी चार तोंडं चार दिशांना होती. आता चौघंही एकच शब्द मागत होती. गोपालला पंप हवा होता, सिंधूताईला लेक हवी होती, सुचिताला भांडण मिटायला हवं होतं. आणि जयमाला भिंतीपर्यंत सरकत आली आणि म्हणाली, "म्हना हो, मामी. एकडाव मेलीच हाये मी. अजून एकडाव काय होते?"

पुष्पाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईत एक केस पांढरा झाला होता.

शेचाळीस वर्षं हा शब्द त्यांच्या तोंडून निघत आला होता. कोणी नवी सून गावात आली, पोरांची चौकशी केली, की त्या सांगायच्या : दोन हायेत, पहिली गेली. सांगून झाल्यावर पाणी प्यायच्या. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीपुढं लेकरांना ओवाळतात, तेव्हा जे लेकरू दूर असेल त्याच्या दिशेला अक्षता टाकायच्या असतात. गोपाल आणि सुचिता पुढ्यात पाटावर बसलेले असायचे आणि पुष्पाबाई उत्तरेकडे चिमूटभर तांदूळ टाकायच्या. सासू पाहायची. विचारायची नाही, कारण तिलाही ठाऊक होतं.

तेव्हा शब्द निघत होता, कारण लेक समोर नव्हती. शिवाय तेव्हा खबर देणार बाप होता. आज नव्या कागदावर खबर देणार आई झाली असती.

फाटक वाजलं.

"हं," भगवंतराव तोंड पुसत आले, बसले, पेनचं टोपण काढलं. "लिवू?"

"भगवंतराव, मी सही केली नाही तं काय होते?"

"आँ? काय होते म्हंजे? नोंद होत नाही."

"मंग शेत कोनाच्या नावावर राह्यते?"

"शेषरावच्याच. मेल्या मानसाच्या नावावर. अर्ध्या गावाचं तसंच हाये म्हना; कोठी बहीन सही देत नाही, कोठी भाऊ भांडतात. पन तुमच्या घरात तं भांडन नाही. अन् गोपालचा पंप..."

"राहू द्या त्यायच्याच नावावर," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी हावो तवर राहू द्या. मी गेल्यावर हे तिघं काय ते पाहून घेतीन."

तिघं.

शब्द निघून गेला होता. भगवंतरावांचं पेन कागदावर टेकलेलं होतं ते तिथंच राहिलं. त्यांनी गोपालकडे पाहिलं. सुचिताकडे पाहिलं. मग भिंतीशी, पुष्पाबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसलेल्या जयमालाकडे पाहिलं. तिचं कपाळ, तिची हनुवटी. तीस वर्षं या माणसानं घराघरांतली नावं रेघांनी जोडली होती.

बाजेवर सिंधूताईनं डोळे मिटून घेतले.

"आताशा मले ऐकू कमी येते, वहिनी," भगवंतराव म्हणाले. टोपण लावलं. जुन्या उताऱ्याची घडी घातली आणि ती गोपालकडे न देता पुष्पाबाईंच्या हातात दिली. "चहा तेवढा गरम करून द्या व पोरीहो. माहा थंडा झाला."

मसुदा तिसरा

शेषराव
|

(पुढं काही लिहिलेलं नाही.)

*

ते गेल्यावर गोपाल आईसमोर येऊन उभा राहिला. ओरडायचं ठरवून आला होता, पण आवाज लहान पोरासारखा निघाला. "तीन वर्षं थांबलो, आई. नंबर जाईन माहा. तू एवढं नुसतं हो म्हनली असती..."

"निंघत नाही रे बाबू. शेचाळीस वर्षं निंघालं. आज ते समोर बसून राह्यली, तं निंघत नाही."

"अन् मी? मी काय करू?"

"विहिरीवर लाइन येते तवा मोटर चालव, आतालोक चालवली तशी." पुष्पाबाईंना त्याच्या डोळ्यांत पाहवलं नाही. "तुह्या बापानं जित्या लेकराले मेलं लिवलं तवा मले इचारलं नाही. आता ते सोता मेले तं राहू दे त्यायले कागदावर जितं. तुहं नुसकान होते, मले समजते. माह्यावर राग धर. माही मनाई नाही."

गोपालनं राग धरला. त्यानं ताडपत्री ओढून काढली, दांडका घेतला आणि तूर झोडपायला लागला. दुपारभर तो आवाज घरात येत राहिला. जेवायला हाक मारली तर आला नाही. सुचितानं ताट अंगणात नेऊन दिलं, आणि ती परत आत न येता तिथंच बसून शेंगांतला कचरा वेचत राहिली. भावाशी बोलली नाही. पण उठलीही नाही.

आत दोघी म्हाताऱ्या उरल्या. सिंधूताईनं पिशवी भरून ठेवली होती. वरवट बकालला जायचं तर मेहकरला गाडी बदलायची, पुढं खामगावला, दिवस मोडतो.

"पुष्पे," ती म्हणाली, "तू मले पोरगी देली, असं एकडावबी तोंडानं म्हनली नाहीस."

"मी देलीच नव्हती, ताई. तुमी नेली."

सिंधूताईनं मान हलवली. "हाव," ती म्हणाली. "नेली."

"पन वाढवली चांगली."

"चांगली वाढवली ना?" सिंधूताईनं एकदम विचारलं, जणू हाच एक निकाल ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. तिच्या पिशवीचा बंद सुटला होता, तो पुष्पाबाईंनी बांधून दिला.

जयमाला आतल्या खोलीत लुगडं बदलून आली तेव्हा पुष्पाबाई दाराआड उभ्या होत्या. जयमालानं बाहेर पाहिलं, कोणी नव्हतं. ती वाकली आणि पुष्पाबाईंच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं.

पुष्पाबाईंनी चटका बसल्यासारखे पाय मागं घेतले. सवयीनं. त्यांच्याकडे भाची मामीच्या पाया पडत नाही; मामा-मामीनं भाचीच्या पाया पडायचं. ती लेकीच्या घरची, देवाच्या ठिकाणची. शेषराव पडायचे, बहिणीच्या लेकीच्या म्हणून, मोठ्या भक्तीनं. आणि पुष्पाबाई पडायच्या. जयमाला चार वर्षांची असताना पहिल्यांदा पडल्या होत्या, ती हसली होती. मग तिच्या लग्नात. मग प्रत्येक निरोपाला.

"राहू द्या ना," जमिनीवरून जयमाला म्हणाली. "मागं नका घेऊ."

पुष्पाबाईंनी पाय पुढं केले. हात तिच्या डोक्यावर ठेवला. काय म्हणायचं असतं ते त्यांना आठवेना. सुचिताला दर खेपेला म्हणायच्या, तरी आठवेना.

"माहं नाव काय होतं?" जयमालानं विचारलं. "त्यात रेघ हाये म्हून इचारलं."

पुष्पाबाईंनी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. जयमालानं ऐकलं, मान डोलावली, आणि उठून पदर सारखा केला.

बाहेर ऑटो आला होता. शेजारच्या विमलबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पाहुणे निघाले की त्या यायच्याच. गोपालनं दांडका टाकला, आत्याची पिशवी उचलली, ऑटोत ठेवली आणि परत तुरीकडे गेला. सिंधूताई आधी चढली. जयमाला फाटकाशी थांबली, पाय जुळवून, आजवर थांबत आली तशी.

पुष्पाबाई वाकल्या.

"अव वहिनी, तुमाले वाकू नका म्हनलं होतं ना डॉक्टरनं," विमलबाई कुंपणावरून म्हणाल्या. "लय करता बाप्पा भाचीचं!"

"करा लागते," पुष्पाबाई खालूनच म्हणाल्या. तिच्या पायातलं डावं जोडवं घसरून बोटाच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी मागं सारलं, नीट बसवलं, हलवून पाहिलं, आणि जयमाला पाय न हलवता उभी होती तोवर टाचेला चिकटलेला तुरीचा भुसाही पदरानं पुसून काढला.